‘ढ’ मुले आणि त्यांचे मास्तर

वाचकहो, मराठी शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ‘ढ’ ह्या अक्षराचा एक जादा अर्थ ठाऊक असतो. बाराखडीत तो कोणी शिकवत नाही, पण पहिल्या सहामाहीच्या आत तो वर्गातल्या एक-दोघांना चिकटलेला असतो. ह्या गरीब अक्षराच्या वाट्याला अशी बदनामी का यावी? सांगतात ते असे की, अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीत ‘ढ’ जसा काढीत, जवळजवळ तसाच तो आजही काढतात. बाकीची अक्षरे दोन हजार वर्षांत बदलली, हा मात्र होता तिथेच राहिला. ही उपपत्ती खरी असो वा कोणा मिस्किल मास्तराने रचलेली असो, तिच्यामागची समजूत मात्र पक्की आहे. मूल पुढे सरकत नाही, तर दोष मुलाचा. ह्या समजुतीचा इतिहास थोडक्यात पाहावा आणि तो आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या अंगाने पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ‘मागे पडणारा मुलगा’ ही फार जुनी गोष्ट नव्हे. मागे पडायला आधी रांग लागते. आपल्या जुन्या मक्तबात तशी रांग नव्हती. पंधरा-वीस मुले एकाच चटईवर बसत, पण प्रत्येकाचा सबक निराळा. कोणी कायद्याच्या तिसऱ्या तख्तीवर, तर कोणी अम्म पाऱ्यावर. एकेक मूल उस्तादांसमोर येई, कालचे म्हणून दाखवी. पक्के असेल तर पुढचा सबक, कच्चे असेल तर तोच पुन्हा. मागच्याची उजळणी, म्हणजे आमोख्ता, हीसुद्धा ज्याची त्याची. डोळ्यांनी अधू असलेली मुले कानाने ऐकून हाफिज होत आणि त्यासाठी कोणाला वेगळी शाळा काढावी लागली नाही.

पंतोजींच्या शाळेतही थोडेफार असेच होते. धूळपाटीवर बोट फिरवणारा आणि मोडीत हुंडी लिहिणारा, दोघे एकाच पडवीत बसत आणि थोरला धाकट्याला गिरवायला लावी. मद्रासला १७८९ ते १७९६ ह्या काळात लष्करी अनाथालय चालवणाऱ्या अँड्र्यू बेल ह्या पाद्र्याने एका देशी शाळेत वाळूत अक्षरे गिरवणारी मुले पाहिली. मुलांनी मुलांना शिकवायची पद्धत त्याने आपल्या शाळेत चालवली, १७९७ साली तिच्यावर पुस्तक छापले आणि ती इंग्लंडभर पसरली. आपल्या पडवीतली गोष्ट सातासमुद्रापार जाऊन ‘मद्रास पद्धत’ झाली, ह्याची गंमत वाटते.

मी त्या शाळांचे गोडवे गात नाही. तिथे छडी होती, उठाबशा होत्या, आणि गावातली बहुसंख्य मुले व जवळजवळ सगळ्या मुली दाराबाहेरच होत्या. पण आत आलेल्या मुलाची चाल मास्तर पाहत असे, एवढे खरे.

१८५४ चा वुडचा खलिता आला, १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उघडले, आणि त्यानंतर इयत्ता आल्या. एका वयाची मुले, एक क्रमिक पुस्तक, वर्षाअखेर एक परीक्षा, आणि तपासायला डेप्युटीसाहेब. काही काळ तर परीक्षेच्या निकालावर शाळेला अनुदान मिळण्याची पद्धत इलाख्यात होती. अशा वेळी मास्तराने काय करावे? पास होणाऱ्या मुलांना पुढे बसवावे आणि उरलेल्यांना भिंतीकडे. ‘ढ’ मुलाची जागा तिथे ठरली असे माझे मत आहे. इयत्ता नसती तर शिक्षण सर्वांपर्यंत पोचले नसते हे कबूल करूनही मी असे म्हणतो.

युरोपातही क्रम हाच. फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शेतकऱ्यांची, मजुरांची सगळी मुले वर्गात आली आणि काहींना वर्गाबरोबर चालता येईना. ही मुले ओळखायची कशी, ह्यासाठी आल्फ्रेड बिने ह्याने सिमाँच्या मदतीने १९०५ साली प्रश्नांची एक माळ तयार केली. तीच पहिली बुद्धिमापन चाचणी. ह्या मुलांना मदत मिळावी हा बिनेचा हेतू होता, आणि बुद्धी हा जन्मतः ठरलेला, न वाढणारा आकडा आहे ह्या मताला त्याचा विरोध होता. पुढच्यांनी चाचणी घेतली आणि हेतू सोडला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत ह्यांनी १९३४ साली हीच चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी ह्या नावाने ती अनेक वर्षे वापरली गेली. काम मोठे होते. पण वाचकहो, ही मराठी चाचणी घेऊन धडगावच्या डोंगरात गेलो आणि पावरी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासमोर बसलो, तर मोजले काय जाईल? त्याची बुद्धी की त्याचे मराठी?

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी दुसरी एक परंपरा सांगितली पाहिजे, कारण तिचा शेवटचा दुवा आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावी आहे. १८०० च्या सुमारास फ्रान्सच्या जंगलात एक रानटी मुलगा सापडला. थोरामोठ्यांनी त्याला जन्माचा मतिमंद ठरवले. पॅरिसच्या मूकबधिर शाळेतला तरुण डॉक्टर इतार पाच-सहा वर्षे त्याला शिकवीत राहिला. मुलगा बोलायला शिकला नाही, पण शिकवताना इतारने स्पर्श, रंग, आकार ह्यांचे जे पाठ बसवले ते वाया गेले नाहीत. त्याचा शिष्य सेगँ ह्याने त्यांतून मंदबुद्धी मुलांसाठी पद्धत उभारली. इटलीतल्या मारिया माँटेसरी ह्या डॉक्टरीणबाईंनी सेगँची पुस्तके अभ्यासून १९०० च्या सुमारास रोममध्ये अशाच मुलांना शिकवले. ती मुले साध्या शाळेच्या परीक्षेला बसून पास झाली. लोकांनी कौतुक केले. बाईंना मात्र निराळाच प्रश्न पडला. ही मुले पास होतात, तर शाळेतली धडधाकट मुले इतकीच का शिकतात? १९०७ साली त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढले ते ह्या प्रश्नातून. आज शहरांत भरमसाट फी घेऊन जी माँटेसरी चालते, तिचे मूळ वेड्यांच्या इस्पितळात पडलेल्या मुलांपाशी आहे, हे फी भरणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असते.

ही पद्धत गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांनी भावनगरला रुजवली आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंना वाटू लागले की हे सारे पांढरपेशांच्या मुलांपुरते राहते आहे. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई काही नवशिक्या नव्हत्या. बालपणी वैधव्य आलेल्या ह्या बाई स्वतःच्या जिद्दीने शिकून पुण्यात बरीच वर्षे शाळेत शिकवीत होत्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात, म्हणून ह्या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. थोरली मुले गुरे घेऊन रानात जात, म्हणून गुरे चरतात त्या कुरणातच वर्ग भरवला. ती ‘कुरणशाळा’. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे आले.

आता कोसबाडहून सातपुड्याकडे येऊ. डोंगर तसेच, मुलेही तशीच अनवाणी. पण आपल्याकडे एक अडचण जास्त आहे, ती भाषेची. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून त्याला नवा म्हणायचे. त्याचे वेगळेपण जुने आहे. इंग्रजांनी १९३६ साली पश्चिम खानदेशातील नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर ह्या मेहवासी प्रमुखांची गावे ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ म्हणून जाहीर केली होती. वगळलेला म्हणजे साध्या कायद्यांच्या कक्षेतून, पण शाळाही ह्या भागाला जवळपास वगळूनच होत्या. त्याच्या आधी, १९०७ साली, ग्रिअरसनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ली व खानदेशी बोलींचा खंड निघाला. मावची, पावरी, नोइरी, अहिराणी ह्यांची नोंद त्यात आहे. म्हणजे सहा तालुक्यांच्या ह्या मुलखात मुले कोणत्या भाषा बोलतात, हे सरकारला शंभरांहून अधिक वर्षे छापील स्वरूपात ठाऊक आहे. नवापुरात मावची, अक्राणीत पावरी, अक्कलकुव्याकडे वसावी, शहादा-तळोद्यात गुजरी, सपाटीला अहिराणी, आणि आपल्या शहरांतल्या मोहल्ल्यांत उर्दू-दखनी.

पहिलीच्या वर्गात ह्याचा परिणाम काय होतो, तो पाहा. अहिराणी मुलाला ‘मना’ म्हणजे माझा. मराठी पुस्तकात ‘मना’ येते ते मनाला हाक मारण्यासाठी. आपल्या घरच्या मुलाला मास्तर म्हणतात, “पाटी खाली ठेव”, आणि मूल पाटी पुसून टाकते, कारण घरी ‘खाली’ म्हणजे रिकामी. अशा मुलाला कोणी ढ म्हणाले तर आपल्याला हसू येईल. पण ही निदान चुलत भाषांची मुले. पावरी किंवा वसावी घरातले मूल पहिले काही महिने सरळ गप्प बसते. आणि खरी मेख इथे आहे. चाळीस मुले गप्प बसलेली असताना त्यांतल्या एकाला कमी ऐकू येते, एकाची समज खरोखरच संथ आहे, एकीला अक्षरे उलटी दिसतात, आणि सदतीस जणांना फक्त मराठी येत नाही, हे मास्तराने ओळखायचे कसे? सगळ्यांचे मौन सारखेच दिसते. म्हणून दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. सदतीस शहाणी मुले ढ ठरतात, आणि ज्या तिघांना खास मदत हवी ती त्या गर्दीत लपून जातात.

ही पारख अनुभवी मास्तर करतो. तिच्या युक्त्या बी. एड.ला शिकवत नाहीत; मी त्या जुन्या शिक्षकांपासून उचलल्या. मुलाला पाठमोरे बसवून मागून हळू आवाजात हाक मारायची, तीही त्याच्या घरच्या नावाने. चिंचोके पुढे टाकून त्याच्याच बोलीत मोजायला सांगायचे. बकऱ्या हाकणारे मूल तीसपर्यंत बिनचूक मोजत असेल तर त्याचे गणित ठीक आहे, त्याला फक्त आपले आकडे हवेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ह्यांत सगळीच मुले चुकतात. उर्दू शाळेत बे, पे, ते, से ह्यांच्या नुक्त्यांत चुकतात, शिवाय उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून. पण बरोबरीची मुले सावरल्यावरही जे मूल वर्षानुवर्षे तिथेच अडखळते, आणि तोंडी मात्र सगळे फाडफाड सांगते, तिथे शंका घ्यावी. ही तुलना करायला मास्तराने शेकडो मुले पाहिलेली असावी लागतात, आणि मुलाची बोली थोडी तरी कळावी लागते. ह्याला दुसरा उपाय नाही.

आपल्याकडे उपाय झाले नाहीत असे नाही. शेजारच्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८८५ साली सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले. नवापूरहून ते गाव फार दूर नाही. ठक्कर बाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापले. महाराष्ट्रात १९७२-७३ पासून शासकीय आश्रमशाळा निघाल्या. त्यांनी हजारो मुलांना जेवण, छप्पर आणि अक्षर दिले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण आश्रमशाळेत मूल घरापासून तुटते आणि समोरचे गुरुजी बहुधा नाशिक-जळगावकडचे, मराठी बोलणारे. अपंगांच्या शाळांचे म्हणाल तर मूकबधिरांसाठी मुंबईत १८८५ साली आणि मतिमंदांसाठी जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली. दोन्ही मुंबईत. मोलगीच्या बापाने लेकराला तिथे कसे न्यावे?

आपल्याच जिल्ह्यात, अगदी नर्मदेच्या काठावर, एक प्रयोग झाला तो ह्या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. सरदार सरोवराखाली अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे येत होती. त्यांपैकी कित्येक गावांत कागदावर शाळा होती आणि प्रत्यक्षात मास्तर येत नव्हते. १९९१-९२ च्या सुमारास नर्मदा बचाव आंदोलनातल्या गावकऱ्यांनी चिमलखेडी व निमगव्हाण इथे स्वतःच्या शाळा काढल्या. त्यांना नाव दिले जीवनशाळा. धरणाबद्दल वाचकांचे मत काहीही असो, त्यात मी शिरत नाही. शाळेपुरते पाहू. शिकवणारे गुरुजी त्याच खोऱ्यातले, काहींचे स्वतःचे शिक्षण बेताचे. त्यांनी सुरुवात मुलांच्या पावरी-भिलोरीत केली, त्या बोलींत वाचनाची पुस्तके तयार केली, घरच्या कहाण्या, झाडांची नावे, नदीची माहिती त्यांत घातली, आणि हळूहळू मराठीवर आणून मुलांना चौथीच्या परीक्षेला बसवले. पाणी चढले तशा काही शाळांच्या कुडाच्या भिंती पाण्यात गेल्या. त्या वर डोंगरावर पुन्हा बांधल्या. गप्प बसणारे मूल त्या वर्गात बोलके झाले, कारण गुरुजींना त्याचे बोलणे कळत होते. आणि जे तरीही गप्प राहिले, ते निराळे दिसले. चाळिसांच्या मौनात एकाचे मौन ऐकू येण्याची ही एकच रीत आहे.

इथे एक शंका कोणी काढील, की बोलीत शिकलेले मूल मराठीत कच्चे राहणार नाही का? आपल्या समाजात उर्दू माध्यमाबद्दल हाच वाद घरोघरी चालतो. माझा अनुभव असा की, एका भाषेत पक्के वाचायला शिकलेले मूल दुसरी भाषा लवकर धरते, आणि कोणत्याच भाषेत धड न वाचणारे मूल दोन्हीकडून जाते. घटनेच्या ३५० अ कलमाने, जे १९५६ साली आले, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगितलेच आहे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषा असे शब्द आहेत. ‘शक्य तेथवर’ ह्या दोन शब्दांत किती मुले बुडाली ह्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

स्थलांतराचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. पोरे कोयत्याच्या मागे. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, काही मुले टिकली. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला माणसे परततात आणि वर्गात चार महिन्यांची खिंडारे घेऊन मुले बसतात. मक्तबातल्या उस्तादाने अशा मुलाचा सबक जिथे सुटला तिथून धरला असता. इयत्तेला ते जमत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर, राज्यात सर्वांत खाली, निघाली. तिच्या कारणांत दारिद्र्य आहेच, पण ही सुटलेली सबकेही आहेत.

कायद्यांची यादी आता लांब झाली आहे. १९७४ साली अपंग मुलांना साध्या शाळेत शिकवण्याची केंद्राची योजना आली, १९९५ चा अपंगांचा कायदा आला, २०१६ च्या कायद्याने सातांच्या जागी एकवीस प्रकार मानले आणि त्यांत वाचन-लेखनाच्या अडचणीला, म्हणजे अध्ययन अक्षमतेला, प्रथमच जागा मिळाली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा दहा मुलांमागे प्राथमिकला एक आणि पंधरा मुलांमागे उच्च प्राथमिकला एक विशेष शिक्षक असावा. समग्र शिक्षेखाली हे शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबले. २०२४ साली महाराष्ट्राने त्यांच्यासाठी ४,८६० कायम पदे निर्माण केली, केंद्रशाळेमागे एक अशा हिशोबाने. चांगलेच झाले. पण अक्राणीतले एक केंद्र म्हणजे डोंगराच्या दोन-तीन रांगा, हे ज्यांनी ती वाट चालली आहे त्यांना सांगायला नको. तो एक शिक्षक महिन्यातून एकदा येणार. उरलेले दिवस ते मूल वर्गशिक्षकाचेच.

आणि वर्गशिक्षकाचे काय होते? जिल्हा परिषदेच्या बदली धोरणात २०१७ पासून अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र असे भाग आहेत. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की सोप्या गावी बदली मागण्याचा हक्क मिळतो. हक्क न्याय्य आहे. शिक्षकालाही संसार असतो, म्हातारे आईबाप असतात. पण पावरी कानावर बसायला पहिले वर्ष जाते, बोलायला दुसरे, आणि तिसऱ्या वर्षी कुठे गुरुजी मुलांच्या चुका त्यांच्या बोलीतून ओळखू लागतात. तेवढ्यात बदलीची यादी लागते.

जाणारे गुरुजी येणाऱ्या गुरुजींना चार्ज देतात. वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांनी हा कागद अनेकदा लिहिला असेल. डेडस्टॉक रजिस्टर उघडायचे आणि एकेक बाब वाचून दाखवायची. खुर्च्या दोन, त्यांतली एक मोडकी. घंटा एक. नकाशे तीन. पोषण आहाराचा तांदूळ इतके किलो, पातेली, कुलूप, किल्ली. जनरल रजिस्टर, कॅशबुक, शिक्का. खाली दोघांच्या सह्या व तारीख. तिसरीतल्या मुलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, तिला उजवीकडे बसवावे. किंवा मागच्या रांगेतला मुलगा लिहीत नाही पण बोलीत विचारले की सगळे सांगतो, अशा नोंदीसाठी त्या कागदावर रकाना नाही. काही जुने शिक्षक चार्जच्या कागदाला वहीचे एक पान टाचून देत असत. त्या पानावर फक्त मुलांची नावे आणि प्रत्येकापुढे एक ओळ असे.